जुन्या मोटारीची किल्ली हरवल्यास : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटारीच्या किल्लीसंबंधी आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. इतर पत्रांतील निम्म्या शंकांचे निरसन त्यातच होत असल्याने ते तसेच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे १९९७ सालची मारुती ८०० आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असून अजूनही चांगली चालते. तिची दुसरी किल्ली फार वर्षांपूर्वीच गहाळ झाली होती. नवरात्रात महाद्वार रोडवरील गर्दीत माझी लहान पिशवी गेली आणि तिच्याबरोबर उरलेली एकुलती एक किल्लीही गेली. पिशवीत आर.सी. बुकाची झेरॉक्स होती. गाडी घरासमोर उभी आहे आणि स्टीअरिंग लॉक झालेले आहे. ओळखीचा मेकॅनिक लॉक फोडून नवे बसवू म्हणतो, तर शोरूममध्ये फोन केला असता "गाडी इकडे घेऊन या" असे सांगण्यात आले. वडिलांचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले असून गाडी अद्याप त्यांच्याच नावावर आहे. आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : लॉक फोडण्याचा सल्ला आपण तूर्त बाजूला ठेवावा. १९९७ च्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ची किल्ली म्हणजे निव्वळ खाचा पाडलेली धातूची पट्टी असते. तिच्यात चिप नसते, की गाडीतील कोणत्याही संगणकाशी तिचा संबंध नसतो. किल्ली हरवली तरी ती कशी होती याची सगळी माहिती कुलपात जशीच्या तशी शिल्लक असते, आणि कुलूप फोडणे म्हणजे हीच माहिती आपल्या हाताने नष्ट करणे होय.

मोटारीच्या कुलपात एक फिरणारा गाभा असतो, त्याला गॅरेजमध्ये बॅरल म्हणतात. या गाभ्याच्या आडव्या फटींमध्ये पितळेच्या पातळ चकत्या बारीक स्प्रिंगांवर बसवलेल्या असतात. प्रत्येक चकतीला मधोमध चौकोनी खिडकी असते आणि ती चकतीगणिक थोडी वर किंवा थोडी खाली कापलेली असते. किल्ली या खिडक्यांमधून आत सरकली, की तिच्या कडेवरची एकेक खाच आपापल्या चकतीला ठराविक उंचीवर आणून ठेवते. सगळ्या चकत्या गाभ्याच्या पृष्ठभागाशी समपातळीत आल्या तरच गाभा फिरतो, आणि एखादी जरी केसभर बाहेर राहिली तरी ती भोवतालच्या कवचात अडकते. खाचांची खोली कारागिराच्या मर्जीवर नसून उत्पादकाने आधीच ठरवलेल्या मोजक्या पायऱ्यांपैकी ती एक असते. म्हणूनच संपूर्ण किल्लीचे वर्णन काही आकड्यांत करता येते, आणि त्या आकड्यांशी जोडलेला एक सांकेतिक क्रमांक नव्या गाडीबरोबर दिला जात असे.

तेव्हा सर्वप्रथम वडिलांची गाडीची फाईल शोधावी. मूळ खरेदीची पावती, माहितीपुस्तिका आणि जुन्या विम्याचे कागद ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटात असतील, त्यातच किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर आलेला धातूचा छोटा बिल्ला पडून असण्याची शक्यता असते. त्यावर कोरलेली अक्षरे आणि आकडे हाच तो क्रमांक होय. पूर्वीच्या पिढीतील माणसे हा बिल्ला काढून जपून ठेवत असत, त्यामुळे तो मिळण्याची आशा मला तरी अधिक वाटते. काही गाड्यांत हा क्रमांक दाराच्या कुलपाच्या नळीवरही कोरलेला असतो, परंतु तो पाहण्यासाठी दाराचे आतील पॅनेल उतरवावे लागते. चासी क्रमांकावरून कंपनीच्या दप्तरातून किल्लीचा क्रमांक मिळवण्याची सोय अधिकृत विक्रेत्यांमार्फत असते. मात्र इतक्या जुन्या गाडीची नोंद मिळेलच असे गृहीत धरून थांबू नये.

क्रमांक न मिळाल्यास दुसरा मार्ग दाराच्या कुलपाचा आहे. आपल्या गाडीत दार आणि इग्निशन एकाच किल्लीने चालत असतील, तर चावीवाला दाराचे कुलूप काढून त्यातील चकत्या क्रमाने वाचतो आणि त्यांवरून कोऱ्या किल्लीवर खाचा पाडतो. यात एक मेख आहे : पुष्कळ गाड्यांमध्ये दाराच्या कुलपात चकत्या कमी असतात आणि इग्निशनमध्ये एखाद-दुसरी जास्त असते. त्यामुळे दाराला बेतून केलेली किल्ली दार उघडते पण इग्निशनमध्ये फिरत नाही, आणि मालकाला वाटते की कारागिराला काम जमले नाही. प्रत्यक्षात अशा वेळी एखाद-दुसऱ्या खाचेचाच शोध उरलेला असतो आणि जाणता चावीवाला तो तिथल्या तिथे घेतो.

तिसरा मार्ग कुलूप न उघडता किल्ली घडवण्याचा आहे, आणि तो पाहण्यासारखा असतो. कारागीर कोरी किल्ली काडीच्या ज्योतीवर धरून तिची कड काजळीने काळी करून घेतो. मग ती कुलपात घालून पकडीने दोन्ही बाजूंना अगदी हलका ताण देतो, बाहेर काढतो आणि उजेडाकडे तिरपी धरतो. जिथे चकती अडकली असेल तिथे काजळी निघून टाचणीच्या टोकाएवढा चकाकणारा ठिपका उमटलेला असतो. त्या ठिपक्यावर बारीक कानशीचा एक-दोनदाच हात फिरवून तो पुन्हा काजळी धरतो. खाच योग्य खोलीला पोचली की त्या जागी ठिपका उमटणे थांबते, आणि मग दुसऱ्या खाचेची पाळी येते. अशा रीतीने अखेरीस किल्ली फिरते. या कामात घाई करणारा माणूस हमखास खाच जास्त खोल करून बसतो, म्हणून शेजारी उभे राहून "अजून किती वेळ?" असे विचारत राहू नये, एवढेच मी सुचवीन.

हे तिन्ही मार्ग आपल्या घरासमोरच पार पडणारे आहेत. चावीवाला दुचाकीवर आपली पेटी घेऊन येतो. गाडी हलवावी लागत नाही. स्टीअरिंग लॉक असलेली गाडी दोर बांधून टोचन करून नेणे तर अशक्यच आहे, कारण पुढची चाके वळत नाहीत. तिला पुढून उचलून किंवा पूर्णपणे ट्रकवर चढवूनच न्यावे लागते आणि त्याचे भाडे किल्लीच्या खर्चापेक्षा सहज जास्त होते. साध्या किल्लीचे काम शेकड्यांत उरकते. म्हणून बिनचिपच्या गाडीसाठी आधी चावीवाला आणि मग शोरूम, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता मेकॅनिकच्या सल्ल्याविषयी. इग्निशनचे कुलूप स्टीअरिंगच्या दांड्याला ज्या बोल्टांनी जखडलेले असते, त्यांची डोकी पुष्कळ गाड्यांमध्ये बसवतानाच मुद्दाम तोडून टाकलेली असतात, जेणेकरून चोराला पान्हा लावता येऊ नये. ते काढायचे तर ड्रिल मारावे लागते किंवा छिन्नीने ठोकून फिरवावे लागतात. बॅरल सरळपणे बाहेर काढायचे झाले, तरी बहुतेक रचनांत किल्ली आत घालून पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवल्याशिवाय त्याची खीळ दबत नाही. म्हणजे कुलूप नीट बदलण्यासाठीसुद्धा आधी किल्लीच लागते. आपल्या उद्यमनगरात मागाल तो सुटा भाग घडवून मिळतो, याचा कोल्हापूरकराला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यामुळेच "फोडून टाका, नवे करू" ही वृत्तीही इथे जरा लवकर बळावते. फोडलेल्या कुलपाच्या जागी बाजारातील लॉक सेटमधील केवळ इग्निशन बसवले, की दारांना एक आणि इंजिनाला दुसरी अशा दोन निराळ्या किल्ल्या आयुष्यभर बाळगाव्या लागतात. कुलूप बदलणे खरोखर आवश्यक झाले, तर इग्निशन, दारे आणि जिथे कुलूप असेल तिथे पेट्रोल टाकीचे झाकण असा संपूर्ण सेट एकदम घ्यावा.

आपल्या बाबतीत किल्ली तयार झाल्यावर काम संपत नाही, कारण किल्लीबरोबर आर.सी. बुकाची झेरॉक्स गेलेली आहे. झेरॉक्सवर गाडीचा क्रमांक आणि घराचा पत्ता दोन्ही आहेत; ज्याच्या हाती पिशवी लागली त्याला गाडी शोधण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. यासाठी नवे कुलूपच घ्यावे लागते असे नाही. किल्ली हाती आल्यावर बॅरल बाहेर काढून त्यातील चकत्यांची जागा आपसांत बदलली किंवा दोन-तीन चकत्या नव्या घातल्या, की जुनी किल्ली निरुपयोगी होते आणि त्याच कुलपाला नवी किल्ली लागू होते. हेच दारांच्या कुलपांनाही करून घ्यावे. कारागिराशी बोलतानाच हे काम सांगावे, म्हणजे तो किल्ली आधी जुन्या रचनेची आणि नंतर नव्या रचनेची, असा दुहेरी हिशेब धरून येईल. तोपर्यंत गाडी रात्री रस्त्यावर उभी राहत असेल, तर बॅटरीची एक वायर काढून ठेवावी. पिशवी हरवल्याची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यात करून तिची प्रत घ्यावी. साध्या किल्लीसाठी ती कुणी मागेलच असे नाही, पण उद्या गाडीचा गैरवापर झाला तर तो कागद आपल्या बाजूने बोलेल.

किल्ली ताब्यात घेण्यापूर्वी ती आपण स्वतः तपासावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली प्रत्येक टप्प्यावर थांबते का, स्टार्टर लागल्यावर हात सोडताच ती आपोआप मागे येते का, आणि शेवटच्या लॉकच्या स्थितीखेरीज अन्यत्र ती बाहेर निघत नाही ना, हे पाहावे. चालू स्थितीत किल्ली ओढून निघत असेल, तर कुलूप झिजलेले आहे किंवा खाचा चुकलेल्या आहेत. अशी किल्ली चालत्या गाडीत निसटू शकते, म्हणून "फिरतेय ना, मग झाले" यावर समाधान मानू नये. कोरी किल्ली पितळेची किंवा पोलादाची असावी. हलक्या मिश्रधातूच्या किल्ल्या स्वस्त असतात, परंतु इग्निशनच्या ताणाने त्या पिळवटतात आणि नेमक्या कुलपात तुटतात. त्याच बैठकीत दुसरी किल्ली करून घ्यावी आणि कारागिराकडून प्रत्येक खाचेच्या खोलीचे आकडे क्रमाने लिहून घ्यावेत. नकलेवरून नक्कल काढत गेले, की प्रत्येक वेळी थोडी चूक आणि थोडी झीज पुढे सरकत जाते. आकड्यांवरून कापलेली किल्ली मात्र नेहमी मूळ मापाचीच निघते.

कागदपत्रांची बाजू आपल्या प्रश्नात ओघाने आली असली, तरी ती तातडीची आहे. शोरूम असो वा सचोटीचा चावीवाला, आर.सी. आणि ओळखपत्र दोन्ही पाहतो आणि नावे जुळली नाहीत तर थांबतो. त्याने थांबावे हेच योग्य. आपण वडिलांचा मृत्यूचा दाखला, आपले ओळखपत्र आणि मूळ आर.सी. बरोबर ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ नुसार मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांच्या आत वारसाने नोंदणी प्राधिकाऱ्यास, म्हणजे आपल्या आर.टी.ओ.ला, निधनाची आणि वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती दिली असेल, तर तीन महिन्यांपर्यंत ते वाहन त्याला वापरता येते आणि त्याच मुदतीत नमुना ३१ मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावयाचा असतो. आपले दोन महिने उलटले आहेत. माहिती देणे राहिले असेल तर आणखी वाट न पाहता अर्ज दाखल करावा. आर.सी. हातात आहेच, तर तिची मुदतही पाहून घ्यावी. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांसाठी आणि पुढे दर खेपेस पाच वर्षांसाठी असते, त्यामुळे १९९७ साली नोंदलेल्या गाडीचे नूतनीकरण २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झालेले असले पाहिजे. विम्याची पॉलिसी वडिलांच्या नावावर आहे, तीही हस्तांतरणाबरोबर बदलून घ्यावी.

प्रश्न : मी २००८ सालची एक जुनी गाडी विकत घेतली. विक्रेत्याने एकच किल्ली दिली आणि दुसरी "घरात कुठेतरी आहे" असे सांगितले. ती आजवर आलेली नाही. म्हणून मी बाजारातून डुप्लिकेट करून घेतली. ती दार उघडते, इग्निशनमध्ये व्यवस्थित फिरते, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या आकाराचा दिवा लुकलुकतो. मूळ किल्लीने गाडी लगेच सुरू होते. माहितीपुस्तिकेत इमोबिलायझरचा उल्लेख आहे. चावीवाल्याने मूळ किल्लीतील चिप काढून स्टीअरिंगखाली कायमची चिकटवून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करावे का?
— एक वाचिका, ताराबाई पार्क

उत्तर : करू नये. तसे केल्याने गाडी कोणत्याही साध्या किल्लीने सुरू होईल हे खरे, परंतु याचाच अर्थ असा, की ज्या चोरीरोधक यंत्रणेसाठी, म्हणजेच इमोबिलायझरसाठी, मूळ मालकाने पैसे मोजले होते ती कायमची आंधळी होईल.

आपल्या गाडीत किल्लीची दोन कामे आहेत. खाचांचे काम वरच्या उत्तरात आलेच आहे आणि ते आपल्या डुप्लिकेटने बिनचूक केले आहे. दुसरे काम किल्लीच्या काळ्या डोक्यात बसवलेल्या इवल्याशा चिपचे असते. इग्निशनच्या तोंडाभोवती तारेचे एक वेटोळे असते. किल्ली फिरवताच त्या वेटोळ्यातून निघणाऱ्या लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि आपली सांकेतिक ओळख सांगते. ती ओळख गाडीच्या नोंदीत असेल तरच इंजिनाचा संगणक इंधन आणि ठिणगी यांना परवानगी देतो. या चिपला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीवरील बटनाने दारे उघडणारा रिमोट ही वेगळी गोष्ट आहे. त्याचा सेल संपला तरी इंजिन सुरू होते, आणि सेल बदलून आपला प्रश्न सुटणारही नाही. आपल्या डुप्लिकेटमध्ये एक तर चिपच नाही, किंवा असलेली चिप गाडीला ओळखीची नाही. लुकलुकणारा दिवा तेच सांगतो आहे. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली आणि आपल्याकडे ती हळूहळू लहान गाड्यांपर्यंत पोचली. त्यामुळे २००० नंतरच्या दशकातील गाडी जुनी म्हणून तिची किल्ली साधीच असेल, असे धरून चालता येत नाही.

उपाय असा, की योग्य प्रकारची चिप असलेली किल्ली घेऊन ती गाडीच्या नोंदीत चढवून घ्यावी. हे काम अधिकृत सेवाकेंद्र करते, तसेच निदानयंत्र बाळगणारे काही चावीवालेही करतात. ते यंत्र डॅशबोर्डखालच्या जोडणीत लावून नोंद केली जाते. खर्च शेकड्यांत न राहता हजारांत जातो, हे आधीच धरून चालावे. तरीही आपण ते आता, एक किल्ली चालू असताना करणे शहाणपणाचे आहे, कारण चालू किल्ली हातात असली तर काम बरेच सोपे असते. ती एकमेव किल्लीही गेली, तर गाडीचा गुप्त क्रमांक मिळवावा लागतो आणि काही गाड्यांत तर संगणकाचीच उस्तवार करावी लागते. जाताना मूळ किल्ली आणि बाजारातून केलेली डुप्लिकेट दोन्ही घेऊन जावे. पुष्कळ गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या सर्व नोंदी पुसल्या जातात आणि त्या वेळी समोर नसलेली किल्ली यादीतून गळते.

हीच गोष्ट आपल्या फायद्याचीही आहे. विक्रेत्याच्या "घरात कुठेतरी" असलेल्या किल्लीने आज आपली गाडी सुरू होते. नोंदी पुसून फक्त आपल्या दोन किल्ल्या चढवल्या, की त्या तिसऱ्या किल्लीने इंजिन सुरू होणार नाही. दार मात्र उघडेल, कारण दाराच्या चकत्या जागच्या जागी आहेत. काम झाल्यावर गाडीत एकूण किती किल्ल्यांची नोंद आहे हे यंत्राच्या पडद्यावर दाखवायला सांगावे आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्यावा.

विक्रेत्याकडून दुसरी किल्ली हरवल्याचे लेखी घ्यावे, असाही माझा आग्रह आहे. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक नसेल तर ती केव्हा व कशी गेली याचा खुलासा द्यावा लागतो. अर्थात ही चिंता सर्वंकष पॉलिसी असलेल्यांनीच करावी. केवळ तृतीय पक्ष विमा उतरवलेला असेल, तर चोरीची भरपाई मुळात त्यात येतच नाही.

प्रश्न : २०२१ च्या जुलैतील पुरात आमची गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. इंजिनाचे काम तेव्हाच केले, पण इग्निशनमध्ये किल्ली तेव्हापासून जड फिरते. वेळोवेळी खोबरेल तेल सोडून काम भागवत होतो. मागील आठवड्यात किल्ली फिरवताना तुटली आणि अर्धा तुकडा आत राहिला. तो चिकटद्रव लावून बाहेर ओढावा, असे शेजारी सुचवतात.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : चिकटद्रव कुलपाजवळ आणूही नये, त्याचा एक थेंब आत ओघळला, तर चकत्या कायमच्या चिकटतील आणि मग खरोखरच कुलूप फोडण्याखेरीज गत्यंतर उरणार नाही. हातातील उरलेला अर्धा भाग आत घालून तुकडा "जोडून" फिरवून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण त्यामुळे तुकडा आणखी खोल जातो. चावीवाल्याकडे बारीक आकडे असलेल्या तारा असतात. त्या तारांनी खाचेला धरून तो तुकडा हलकेच बाहेर काढतो, मात्र त्यासाठी गाभा किल्ली घालण्याच्या सरळ स्थितीत असावा लागतो. किल्ली अर्धवट फिरलेल्या स्थितीत तुटली असेल, तर आधी गाभा मागे आणावा लागेल, हे त्याला सांगावे. दोन्ही तुकडे जपून ठेवावेत. ते जुळवून खाचांची मापे घेता येतात आणि नवी किल्ली त्यावरून निघते.

किल्ली तुटली ती मात्र तिच्या दोषाने नव्हे. पंचगंगेच्या पुराचा गाळ किती बारीक असतो, हे शाहूपुरीतील माणसाला सांगायला नको. तो चकत्यांच्या फटींत बसला आणि त्यावर वर्षानुवर्षे सोडलेल्या तेलाने त्याचे खळीसारखे लुकण झाले. तेलाने दोन दिवस बरे वाटते, नंतर त्यावर आणखी धूळ बसते. बॅरल उतरवून चकत्या व स्प्रिंगा काढून, विद्युत जोडण्या साफ करण्याच्या झटपट वाळणाऱ्या फवाऱ्याने ते धुऊन घ्यावे, गंजलेल्या स्प्रिंगा बदलाव्यात आणि जोडताना ग्राफाइटची कोरडी पूड वापरावी. बॅरलच्या मागे विद्युत स्विच हा स्वतंत्र भाग असतो, त्याचे संपर्कबिंदूही याच वेळी पाहावेत. पुरात भिजलेल्या गाड्यांत किल्ली फिरूनही वीज न पोचण्याचे कारण बहुधा तिथेच असते.

आणखी एक. किल्ली जड लागते तेव्हा दर वेळी दोष कुलपाचाच असतो असे नाही. पुढचे चाक फुटपाथला टेकलेले असेल किंवा उतारावर गाडी वळवून लावलेली असेल, तर स्टीअरिंगचा ताण लॉकच्या खिळीवर येतो आणि किल्ली जागची हलत नाही. डाव्या हाताने स्टीअरिंग हलकेच दोन्ही बाजूंना सरकवत उजव्या हाताने किल्ली फिरवावी; ती विनासायास फिरते. पकडीने किल्ली पिळण्याची वेळ कधीच येऊ देऊ नये.

प्रश्न : पन्हाळा, गगनबावडा अशा ठिकाणी वरचेवर जाणे होते. किल्ली हरवलीच तर अडचण नको म्हणून चुंबकाच्या डबीत घालून एक जादा किल्ली बंपरखाली चिकटवून ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : चालणार नाही. ती डबी लावण्याच्या जागा जितक्या आपल्याला सुचतात तितक्याच त्या शोधणाऱ्यालाही ठाऊक असतात, आणि घाटातल्या खड्ड्यांत ती केव्हा गळून पडली हे आपल्याला कळणारही नाही. शिवाय गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट विम्याच्या करारात असते. बंपरखाली किल्ली ठेवलेली होती, असे विमा कंपनीच्या तपासनिसासमोर कबूल करावे लागले तर दावा अडचणीत येतो. दुसरी किल्ली बरोबरच्या माणसाच्या खिशात द्यावी. एकट्याने जाणे असेल, तर ती घरी ठेवून कोणत्या कप्प्यात आहे हे घरातील एका तरी व्यक्तीला सांगून निघावे, म्हणजे पन्हाळ्यापर्यंत ती कुणाच्या तरी हाती तासा-दीड तासात पोचती करता येते.